लग्नाच्या यादीतला ‘किरकोळ’ खर्च

तुळशीचे लग्न लागले की आपल्या भागात लग्नसराई सुरू होते आणि आम्हा कृषी खात्याच्या माणसांच्या टेबलावर पत्रिकांचा ढीग पडू लागतो. (आमच्या कृषी सहायक पदाचे नाव २०२५ मध्ये ‘सहायक कृषी अधिकारी’ झाले. पाटी बदलली, पत्रिका तेवढ्याच येतात.) पत्रिका हातात देताना शेतकरी हमखास एक वाक्य बोलतो, “साहेब, हळदीला आदल्या दिवशीच या बरं का.” या ‘आदल्या दिवशीच’मध्ये काय दडले आहे ते बोलणाऱ्याला ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. आज त्याविषयीच लिहायचे आहे. विषय अवघड जागेच्या दुखण्यासारखा आहे, पण मुळात तो हिशेबाचा आहे, आणि हिशेब हा आमच्या खात्याचा विषय आहे.

निमगाव केतकीच्या शिवारातले एक शेतकरी आहेत. नाव सांगत नाही, आप्पा म्हणू. तीन एकर बागायत, त्यात ऊस आणि थोडा पानमळा. माणूस कष्टाळू आणि हिशेबाला चोख. एक एकर उसाला ठिबक बसवायचे म्हणून त्यांनी महाडीबीटीवर अर्ज केला होता. निवड झाली, पूर्वसंमती मिळाली. आता संच बसवून बिल जोडायचे एवढेच बाकी होते. ठिबकचे अनुदान मागाहून येते, पैसे आधी शेतकऱ्याला घालावे लागतात, हे वाचकांना माहीत आहेच. मुदत संपत आली तरी आप्पांचे बिल येईना. मी वस्तीवर गेलो. आप्पा म्हणाले, “साहेब, पैसं न्हाईत. पोराच्या लग्नात गेलं.”

लग्नात किती गेले ते विचारले तर त्यांनी खिशातून डायरी काढली. पाहून मी थक्क झालो. अक्षतांचे तांदूळ किती किलो, मांडवाला बयाणा किती, आचाऱ्याला किती, बस्त्यात कोणाच्या नावावर कोणते लुगडे, पत्रिका वाटणाऱ्या पोरांच्या पेट्रोलचे किती, सगळे पैशापैशाने लिहिलेले. सुपारीसुद्धा पावशेरात मांडलेली. आणि सगळ्यांत खाली एक ओळ होती : किरकोळ, ५८,०००.

“आप्पा, सुपारी पावशेरात लिहिता आणि अठ्ठावन हजार किरकोळ?”

आप्पा हसले, जरा वरमले. “ते पोरांच्या बसायच्या सोयीचं हाय.”

मग त्यांच्या ओट्यावर बसून आम्ही त्या किरकोळची फोड केली. हळदीच्या रात्री १८० मिलीच्या बाटल्या, म्हणजे क्वार्टर, तीन बॉक्स. एका बॉक्समध्ये ४८, तेव्हा एकूण १४४. दर २२० रुपये, झाले ३१,६८०. बीअरचे चार बॉक्स, ४८ बाटल्या, २०० रुपयांप्रमाणे ९,६००. रात्री बारानंतर ‘संपली, संपली’ अशी ओरड झाली तेव्हा दुकान बंद, मग कोणाकडून तरी चढ्या भावाने आणलेल्या २० क्वार्टर, ३०० रुपयांप्रमाणे ६,०००. पाण्याचे बॉक्स, सोडा, प्लास्टिकचे ग्लास, शेंगदाणे, फरसाण, ७,५००. बँजोवाल्यांना आणि गाडीवाल्यांना ‘तुमचं तुम्ही घ्या’ म्हणून रोख ३,०००. बेरीज ५७,७८०. उरले २२०. आप्पा म्हणाले, “तेवढंच खरं किरकोळ, साहेब.”

आता हा आकडा शेतकऱ्याच्या मापाने मोजू. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला हाती साधारण तीन हजार धरले तर अठ्ठावन हजार म्हणजे १९ टनांहून जास्त ऊस. एकरी चाळीस टनांच्या हिशेबाने जवळजवळ अर्धा एकर. हे एकूण उत्पन्न झाले. खत, बेणे, पाणी, मशागत वजा केली तर त्या एका रात्रीसाठी अख्ख्या एकराचा नफा गेला म्हटले तरी चालेल. ऊस बारा-चौदा महिने रानात उभा असतो आणि हळद सहा तासांची. दुसरे माप ठिबकचे. एकराच्या संचाला आधी जेवढे पैसे घालावे लागतात, साधारण तेवढीच ही रक्कम. आप्पा अल्पभूधारक. केंद्राचे ५५ आणि राज्याचे २५ टक्के असे मंजूर खर्चाच्या ८० टक्के अनुदान त्यांना परत मिळणार होते. ते गेले. मुदत गेली, पूर्वसंमती रद्द झाली.

तिसरे माप जास्त बोचणारे आहे. आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त आणि पीककर्जाची परतफेड एकाच सुमारास येते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत भरले तर शेतकऱ्याला व्याज शून्य टक्के पडते. मुदत टळली की सवलत गेली. उसाचे बिल हातात आले, ते सोसायटीत भरण्याऐवजी बस्त्यात आणि डिकीत गेले, आणि मग सोसायटी भरायला हातउसने घेतले, हा क्रम मी दरवर्षी बघतो. हातउसन्याचा दर शेकडा तीन रुपये महिना धरा. अठ्ठावन हजारांना महिन्याला १,७४० रुपये, दहा महिन्यांत १७,४००. नवी सून घरात रुळेपर्यंत हळदीच्या रात्रीवर तिसरा हिस्सा व्याज चढलेले असते.

पण मला खरे आश्चर्य वाटले ते खर्चाचे नाही, अंदाजाचे. आप्पांना विचारले, हळदीला माणूस किती होता? म्हणाले, अडीचशे पुरुष मंडळी. त्यांत घेणारे किती? त्यांनी आणि त्यांच्या पुतण्याने मिळून बोटांवर मोजले. माळकरी वगळले, म्हातारे वगळले, शाळेतली पोरे वगळली, नुसते जेवून गेलेले वगळले. सगळे मिळून सत्तर. आता भागाकार करा. १४४ आणि रात्रीच्या २०, अशा १६४ क्वार्टर. सत्तर जणांत डोई सव्वादोनच्या वर. साठ मिलीचा एक पेग धरला तर क्वार्टरमध्ये तीन पेग, म्हणजे माणशी सात पेग, आणि वर बीअर वेगळीच. एवढी पिणारा माणूस मांडवात उभा राहत नाही, आणि आप्पांच्या मांडवात तर पहाटेपर्यंत सत्तरच्या सत्तर नाचत होते. मग माल गेला कुठे?

तो गेला डिकीतून. धान्याच्या कोठीवर आपण घरातली जाणती बाई बसवतो. तिच्या कमरेला किल्ली असते. तेलाचा डबा तिला विचारल्याशिवाय हलत नाही. दारूची कोठी मात्र कोणाच्या तरी गाडीच्या डिकीत असते आणि किल्ली नवरदेवाच्या मित्राकडे. मोजून काढणे नाही, मोजून देणे नाही. इंदापूर तालुक्यातल्या टेलच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. वरून पाणी किती सोडले याला अर्थ नसतो, चारीच्या तोंडाशी किती पोचले ते बघायचे असते. माणशी एक क्वार्टर धरली, आणि तीही कमी नव्हे, तरी सत्तर जणांना दीड बॉक्स पुरे होता. ७२ बाटल्या, १५,८४० रुपये. बाकीचा माल वाटेतच मुरला.

अंदाज चुकण्याचे कारण उघड आहे. ‘अडीचशे माणूस आहे, तीन बॉक्स तरी लागतील’ असा हिशेब केला. पेरणी सत्तर गुंठ्यांची आणि बियाणे अडीचशे गुंठ्यांचे घेतले. पाहुणे मोजायचे ते जेवणासाठी. बाटलीसाठी घेणारे मोजायचे. आणि घेणारे मोजायचे तर नावे घ्यावी लागतात, नावे घेतली की त्यात आपलाच मेहुणा, आपलाच पुतण्या आणि कधी कधी आपलाच नवरदेव निघतो. म्हणून कोणी मोजत नाही.

निमगावच्या माणसाला अंदाज येत नाही असे तर कोणी म्हणू नये. आषाढी वारीत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम या गावात असतो. एका रात्रीत गावाची लोकसंख्या किती पटींनी वाढते ते डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. कोणत्या आळीने किती भाकरी द्यायच्या, पाण्याचे टँकर कुठे उभे करायचे, कोणत्या दिंडीची राहुटी कोणाच्या रानात, हे सगळे गाव ठरवते आणि पार पाडते. असे गाव सत्तर माणसांच्या बाटल्यांचा अंदाज करू शकत नाही यावर माझा विश्वास नाही. तिथे सगळे चारचौघांत बसून ठरते आणि इथे सगळे कानात सांगून होते, एवढाच फरक आहे.

इथेच खरी मेख आहे. आपल्याकडे लग्न ठरले की दोन्ही घरची जाणती माणसे बसून यादी करतात. वर ‘श्री गणेशाय नमः’ लिहून मानपान, देणे-घेणे, कपडे, दागिने, जेवणावळ कोणाकडे हे सगळे मांडतात. मोठ्याने वाचून दाखवतात, दोन्हीकडच्या सह्या होतात. यादी वाचली जाते तेव्हा घासाघीसही होते. एखादा मामा म्हणतो, एवढे टॉवेल-टोपीचे आहेर कशाला? एखादी आत्या म्हणते, भांडी कमी करा. जे वाचले जाते ते कमी करता येते. दारू वाचली जात नाही. गणपतीच्या नावाखाली ‘क्वार्टर, ३ बॉक्स’ असे कोण वाचणार? त्यामुळे ती कमीही करता येत नाही. ती तोंडी येते आणि वेळेवर येते.

मुलीच्या बापाला तर ती लग्नाच्या आदल्या संध्याकाळी फोनवरून येते. “वऱ्हाड निघालंय. पोरांची सोय केलीय ना?” मांडव घातलेला, मुलीला हळद लागलेली. त्या बापाने आता काय म्हणायचे? यादीत नव्हते म्हणायचे? तो कोणाला तरी पैसे देऊन दुकानाकडे पिटाळतो आणि वरून ‘गोवऱ्या-सरपणाला’ म्हणून बायकोला सांगतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे. हुंडा मागणाऱ्याला निदान लाज वाटते, तो आडून मागतो. बाटली मागताना मात्र ती चेष्टा-मस्करी समजली जाते. माझ्या मते ज्या मागणीला मुलीचा बाप ‘नाही’ म्हणू शकत नाही, ती मागणी त्याच रांगेतली आहे.

स्वागत समारंभाला आपल्याकडे जुना शब्द पानसुपारी असा आहे. जुन्या पत्रिकांत ‘पानसुपारीस अगत्य यावे’ असे छापलेले असे. पाहुण्याला विडा दिला की त्याचा मान झाला. ज्या गावात शेवरी-हादग्यावर पानवेल चढवून पिढ्यानपिढ्या खाऊच्या पानांचे मळे जोपासले, त्या गावाला तरी पाहुण्याचा मान कशाने होतो हे दुसऱ्याने सांगायला नको. आप्पांच्या डायरीत पानांचा खर्च शून्य होता. पाने घरचीच होती. असो.

उसाचेही एक सांगण्यासारखे आहे. एक टन उसातून साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते. एक टन मळीपासून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल तयार होतो. म्हणजे टनभर उसामागे सुमारे दहा लिटर. विदेशी म्हणतात त्या दारूत अल्कोहोल ४२.८ टक्के, तेव्हा १८० मिलीच्या बाटलीत तो ७७ मिली भरतो. दहा लिटरमध्ये अशा १३० बाटल्या झाल्या. हल्ली धान्यापासूनही स्पिरिट करतात, तरी ढोबळ हिशेब समजण्यासारखा आहे. आप्पांनी एक टन ऊस तीन हजारांना कारखान्याला घातला आणि जवळपास तेवढ्याच उसाच्या मळीत मावणारी दारू साडेएकतीस हजारांना घरी आणली. मधला मोठा हिस्सा कराचा. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने मद्यावरचे शुल्क वाढवले, तेव्हापासून १८० मिलीची किमान किंमत देशीला ८०, महाराष्ट्रात बनवलेल्या नव्या प्रकाराच्या मद्याला १४८, विदेशीला २०५ आणि उंचीला ३६० रुपये अशी ठरली आहे. ज्यांचा जुना अंदाज दीडशे-पावणेदोनशेचा आहे त्यांनी तो बदलावा.

कोणी म्हणेल, लग्न आयुष्यात एकदाच होते, एवढे काय मनावर घ्यायचे? हा मुद्दा जुना आहे आणि आपल्याच भागातला आहे. १२ मे १८७५ रोजी बारामतीजवळच्या सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खतपत्रे जाळली. पुढे सरकारने चौकशीला आयोग नेमला. शेतकरी लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो असे तेव्हाही साहेबलोक म्हणत. आयोगाने मात्र लिहिले की लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो. लग्ने क्वचित होतात, कुणब्याला बुडवतात ते बी-बियाणे, बैल, सारा, पोटाला लागणारे धान्य यांसाठी वारंवार काढलेले छोटे कर्ज आणि त्यावरचे व्याज. मला हे पटते. सगळे खापर लग्नावर फोडणे हे शेतकऱ्यावर अन्यायाचे आहे. पण आता बाटली लग्नापुरती उरली आहे का? साखरपुडा, हळद, वरात, बारसे, जावळ, नवीन ट्रॅक्टर, वाढदिवसाचा फ्लेक्स, सोसायटीची निवडणूक, प्रत्येकाला ‘बसायची सोय’ आहे. क्वचितचा खर्च वारंवारचा झाला. आयोगाने ज्याला धोक्याचे म्हटले त्या खात्यात तो जाऊन बसला.

कायद्याचेही थोडक्यात सांगतो, कारण गावात याविषयी फार अज्ञान आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. दारू पिण्याला परवाना लागतो, आणि समारंभात मांडव घालून वाटायची तर राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून एक दिवसाचा परवाना काढावा लागतो. बीअर-वाइनसाठी वय २१ पूर्ण आणि बाकीच्या दारूसाठी २५ पूर्ण पाहिजे. हळदीत पुढे नाचणाऱ्या पोरांत पंचवीस पुरी केलेली किती असतात ते पोलीस पाटलांनीच सांगावे. गोव्याहून ‘स्वस्तात’ पेट्या आणणारा एखादा हुशार पाहुणा प्रत्येक भावकीत असतो. तो माल इथे विनापरवाना आणणे गुन्हा आहे, आणि पकडला तर नवरदेवाच्या नावाची पाटी लावलेली गाडीच जप्त होते. हातभट्टीच्या वाटेला तर जाऊच नये. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. बँजोवाल्याला, वाढप्याला ‘त्याला काय, चालतंय’ म्हणून फुगा आणून देणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

आता जे सांगतो ते माझ्या टेबलावरचे आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून आमच्या खात्यामार्फत चालते. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर वारसांना २ लाख रुपये मिळतात. पण अमली पदार्थांच्या अमलाखाली असताना झालेला अपघात या योजनेत बसत नाही. एका वस्तीवरचा तरुण शेतकरी हळदीहून रात्री मोटारसायकलवर परत येत होता. रस्त्यात उसाची रिकामी ट्रॉली उभी होती. प्रस्ताव मीच भरून घेतला. सातबारा, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सगळे जोडले. व्हिसेऱ्याचा अहवाल आला आणि प्रस्ताव तिथेच थांबला. त्याची बायको दोनदा विचारायला आली. तिसऱ्यांदा तिचा सासरा आला. मला त्यांना नियम वाचून दाखवावा लागला. म्हातारा एवढेच म्हणाला, “साहेब, त्यानं मागून घेतली नव्हती. त्याला हाताला धरून नेलं होतं.” ज्याच्या घरी लग्न होते त्याच्या डायरीत त्या रात्रीचा खर्च कोणत्या ओळीत लिहिला असेल कोण जाणे.

मी काही दारूबंदीचा प्रचारक नव्हे, आणि माळकरीही नाही. “साहेब, जरा इकडं या,” म्हणून मलाही मांडवामागे नेले गेले आहे आणि मी गेलो आहे. खोटे कशाला बोलू? आम्ही कर्मचारी, सरपंच, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांनाच आधी ‘सोय’ होते आणि आमच्यासाठी जरा वरच्या दर्जाची ठेवलेली असते. आमच्यासारख्यांनी ‘नको’ म्हटले तर यजमानाचे निदान ते दहा-बारा हजार वाचतील. ग्रामसभेत समाजमंदिर आणि शाळेच्या पटांगणापुरता ठराव करायला तर काहीच हरकत नाही. महिलांनी पुढाकार घेतला तर गावातले दुकान मतदानाने बंद करण्याची, आपण ज्याला ‘आडवी बाटली’ म्हणतो ती तरतूद आहेच. पण दुकान बंद झाले तरी डिकी उघडीच राहते, हे आपण पाहिले आहे.

ज्यांना द्यायचीच आहे त्यांना माझे सांगणे एवढेच की उसाला खत देता तशी मोजून द्या. घेणारे मोजा, पाहुणे मोजू नका. माणशी एक माप ठरवा आणि वर दहा टक्केसुद्धा धरू नका. किल्ली न पिणाऱ्या, वयाने मोठ्या माणसाकडे ठेवा. भावकीत एखादा तरी असतोच. जेवण आधी वाढा. उपाशी पोटी दारू दुप्पट लागते, खर्चाने आणि अंगाने. दहाला लाऊडस्पीकर कायद्याने बंद होतो, तेव्हाच डिकीही बंद करा. रात्री बाराचा चढ्या भावाचा माल हा सगळ्यांत महागही आणि सगळ्यांत घातकही. मोटारसायकलच्या किल्ल्या काढून घेण्याची हिंमत नसेल तर गावची एक जीप न पिणाऱ्या ड्रायव्हरसह रात्रभर उभी ठेवा, तिचे भाडे दोन-चार क्वार्टरमध्ये भागते.

न देऊन चालते का? २०२० मध्ये पन्नास माणसांत आणि २०२१ मध्ये पंचवीस माणसांत, दोन तासांत लग्ने लागली. ती जोडपी आज नांदत आहेत, त्यांना मुले झाली. तेव्हा कोणी हळदीच्या सोयीवरून नावे ठेवल्याचे माझ्या कानावर नाही. २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात आणि अहिल्यानगरकडे मराठा समाजाच्या बैठका झाल्या. शे-दोनशे माणसांत लग्न करा, डीजे नको, असे ठरले. किती पाळले गेले हा भाग वेगळा, पण निदान विषय चारचौघांत आला.

आप्पांच्या मुलीचे लग्न आता ठरले आहे. यादीच्या बैठकीला त्यांनी मला मुद्दाम बोलावले आणि म्हणाले, “साहेब, अक्षर तुमचं बरं हाय, तुम्हीच लिवा.” मी लिहीत गेलो. मानपान झाला, कपडे झाले, मांडव झाला. शेवटी आप्पा म्हणाले, “आता लिवा, बसायची सोय. किती ते पावण्यांनी सांगावं. आकडा मोठ्यानं सांगा, म्हंजी लिवता येतंय.” बैठकीत चिडीचूप. आतल्या दाराशी बायका बसल्या होत्या, त्याही थांबल्या. व्याही मिशीवरून हात फिरवीत राहिले. त्यांचा थोरला म्हणाला, “ते कशाला लिवायचं?” आप्पा म्हणाले, “जे लिवायचं न्हाई ते द्यायचं न्हाई.” शेवटी व्याह्यांचे म्हातारे वडील बोलले, “खोडा ती ओळ.” त्यावर कोणीतरी बँजोवाल्यांचे काय म्हणून विचारलेच. त्यांना रोख पाचशे जास्त द्यायचे ठरले, ते मी वाजंत्रीच्या ओळीत धरले. वरपक्षाने आपल्या घरी हळदीला काय करायचे ते त्यांचे ते बघतील.

यादीवर दोन्हीकडच्या सह्या झाल्या. आप्पांनी ठिबकचा अर्ज परत भरला आहे.